‘असंल की’चं इंग्रजी

सुकन्याला परदेशी मुलांना इंग्रजी शिकवायची नोकरी लागली, तेव्हा घरातले सगळे खूश झाले. काळजी लागली ती एकट्या सारजाबाईंना, तिच्या सासूबाईंना.

“नोकरी लागली ते ग्वाड झालं,” त्या जेवता जेवता म्हणाल्या, “पर ती पोरं इमानात बसून आल्याली. त्यास्नी इंग्रजी येत नसंल व्हय? आन् तू नातेपुत्याची. तू त्यास्नी काय शिकवनार?”

“तेच मला बी कळंना झालंय, आत्या,” सुकन्या म्हणाली आणि दोघी हसल्या.

नातेपुत्याजवळच्या वस्तीवर वडिलांच्या, आण्णांच्या मेंढरांमागं पळत ती वाढली. इंग्रजीशी तिची गाठ पडली ती थेट पाचवीत, आणि मास्तर नवा शब्द शिकवायचे तो मोठ्यानं ओरडून, जणू लांब गेलेलं मेंढरू बोलवायचंय. तिथून ती सोलापूरला आली, एम.ए. झाली, पाच-सहा वर्षं तासिका तत्त्वावर या कॉलेजातून त्या कॉलेजात फिरली. मग विजापूर रस्त्यावरच्या एका नव्या खासगी विद्यापीठात जागा निघाली. आफ्रिकेतून, अरब देशांतून तिथं एम.एस्सी. करायला मुलं येऊ लागली होती, आणि त्यांचे प्रबंध कुणालाच वाचवत नव्हते.

पहिल्या दिवशी ती वर्गात शिरली आणि तिच्या पाठोपाठ एक इतका उंच मुलगा आला, की दाराच्या चौकटीखाली त्याला मान वाकवावी लागली. तो मजोक, दक्षिण सुदानचा. कृषी विभागात होता. त्याच्या शेजारी टांझानियाची नीमा. ती आहारशास्त्र शिकत होती आणि एका श्वासात चार वाक्यं बोलायची. तिच्यामागं येमेनचा फवाझ आणि आणखी पाच-सहा जण. सुकन्यानं आदल्या दिवशी आरशासमोर घोकलेलं भाषण सुरू केलं. नीमानं हात वर केला.

“मॅडम, तुम्ही फार छान बोलता. पण जरा हळू. आम्हाला तुमचं इंग्रजी अजून ओळखीचं नाही.”

“मलाही तुमचं नाही,” सुकन्या म्हणाली. “दोन्हीकडून हळू बोलू या.”

आणि घोकलेलं भाषण तिनं तिथंच सोडून दिलं.

महिनाभरात तिच्या ध्यानात आलं की या मुलांना बोलायचं इंग्रजी झकास येतं. अडतं ते प्रबंधाच्या इंग्रजीत. ते इंग्रजी वेगळंच. त्यात कुणी काय म्हटलं, कुठं म्हटलं, आपल्याला किती ठाम माहीत आहे, हे सगळं वाक्यातच दाखवावं लागतं. आणि मजोकचं घोडं नेमकं तिथंच पेंड खात होतं.

त्याचा विषय होता ज्वारीची साठवण. त्याच्या देशात ज्वारीच खातात, म्हणून तो एवढ्या लांब सोलापूरला आला होता. त्याच्या पहिल्या प्रकरणाची सुरुवात अशी होती: सोलापूरचे सगळे शेतकरी ज्वारीत कडुनिंबाचा पाला ठेवतात. त्यामुळे किडा येत नाही. हे सत्य आहे.

सुकन्यानं प्रत्येक वाक्याखाली लाल रेघ ओढली. तो कागद घेऊन मजोक वर्ग सुटल्यावर तिच्या टेबलाशी आला.

“मॅडम, इथं तुम्ही ‘असं दिसतं’ लिहायला सांगता. इथं ‘कदाचित’. का?”

“कारण तू सगळ्या शेतकऱ्यांना विचारलेलं नाहीस.”

“ज्यांना विचारलं त्यांनी सांगितलं. म्हाताऱ्या माणसांनी सांगितलं. मी ‘कदाचित’ लिहिलं, तर ते खोटं बोलले असा अर्थ होईल.” तो मनापासून बोलत होता. “आमच्याकडं कुणी ‘कदाचित जेवायला येईन’ म्हणालं, तर त्याच्या वाटणीचं शिजवत नाहीत.”

सुकन्यानं व्याकरणाचं पुस्तक चाळलं. पुस्तकात नियम होते, पण नियम सांगून पटणाऱ्यांतला हा मुलगा नव्हता.

उत्तर तिला त्याच संध्याकाळी घरी मिळालं. ती वाटाणे सोलत होती आणि सारजाबाई फोनवर मंद्रूपच्या मैत्रिणीशी बोलत होत्या. मंद्रूप त्यांचं गाव. नवरा गेल्यावर त्या सोलापूरला लेकाकडं आल्या, पण जीव अजून गावातच होता.

“...त्येच्या लेकीचं जमलं म्हनं. न्हाय, मी कुटं बगितलं? सुंदरा सांगत व्हती. तिला म्हनं तिच्या जावंनं सांगितलं. नवरा पुन्याला हाय म्हनं, बंगला बी असंल की. खरं-खोटं ती सुंदराच जाने.”

सुकन्याच्या हातातली शेंग तशीच राहिली. कुणी सांगितलं, त्याला कुणी सांगितलं, यातलं स्वतः पाहिलेलं काय, ऐकलेलं काय आणि नुसता अंदाज काय, सगळं सासूबाईंनी एका दमात सांगून टाकलं होतं. वर जबाबदारीही झटकली होती. प्रबंधाला दुसरं काय लागतं?

दुसऱ्या दिवशी तिनं फळ्यावर देवनागरीत मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘म्हनं’. त्याचा उच्चार घोटून घेतला आणि सांगितलं, “माझ्या सासूबाई हा शब्द वापरतात, तेव्हा त्या कुणाला खोटं पाडत नाहीत. बातमी माझी नाही, दुसऱ्याची आहे, एवढंच त्या सांगतात. इंग्रजीत यालाच तुम्ही संदर्भ देणं म्हणता. आणि ‘असंल की’ म्हणजे माझा अंदाज आहे, पण मी शपथ घेणार नाही.”

मजोकनं तो शब्द वहीत जपून उतरवून घेतला. “म्हणजे हा शब्द सांगणाऱ्याचा मान राखतो,” तो म्हणाला.

“व्हय,” सुकन्या मराठीतच म्हणाली.

त्यानंतर वर्गाला ‘म्हनं’चं वेडच लागलं. कँटीनमध्ये चहा संपला म्हनं. परीक्षा पुढं गेली म्हनं. फवाझ महिनाभरात पहिल्यांदा आपणहून बोलला, तो एवढंच, की वसतिगृहात उद्या पाणी येणार नाही म्हनं. नीमानं लगेच विचारलं, “कोण म्हणालं? संदर्भ दे.”

सगळं असं मजेत चाललं असताना मजोकच्या मार्गदर्शकांनी, डॉ. हिंदुराव वाघमोडे यांनी, सुकन्याला बोलावून घेतलं. वाघमोडे सर मूळचे माळशिरसचे. मनानं चांगले, पण कायम घाईत. फायली, फोन, पाहुणे यांच्यामधून त्यांनी मजोकचं प्रकरण पुढं सरकवलं.

“मॅडम, याचं काम चांगलं आहे. आकडे बघा किती स्वच्छ आलेत. इंग्रजी तेवढं गचाळ आहे. सेमिनार पुढच्या महिन्यात. बाहेरून परीक्षक येणार. तुम्हीच लिहून टाका की एकदा नीट.”

“सर, मी शिकवते. लिहून कसं देणार?”

“अहो, भाषाच तर दुरुस्त करायची. माहिती त्याचीच आहे.”

सुकन्या कागद घेऊन परत आली. नोकरी नवी होती, सर ज्येष्ठ होते. तिनं एक पान खरंच लिहून काढलं. पान असं उतरलं की तिचं तिलाच कौतुक वाटलं. दुसऱ्या दिवशी तिनं ते मजोकला दाखवलं. त्यानं सावकाश वाचलं.

“फार सुंदर आहे,” तो म्हणाला. “यातला माणूस खूप हुशार वाटतो. परीक्षकांनी त्याला प्रश्न विचारले, तर तो येईल का उत्तर द्यायला?”

सुकन्याचे कान तापले. तिनं ते पान फाडलं आणि म्हणाली, “बस. तुझं तूच लिही. मी शेजारी बसते.”

मग रोज वर्ग सुटल्यावर दोघं बसू लागले. एकेक वाक्य तो बोलायचा, ती विचारायची, “हे तू पाहिलंस? ऐकलंस? की तुला वाटतं?” आणि त्याप्रमाणं वाक्य बदलायचं. काम चिकाटीचं होतं, पण वाक्यं हळूहळू त्याच्या अंगाला बसू लागली.

त्याला आणखी काही फोटो हवे होते आणि दोन-तीन प्रश्न राहिले होते. आधीच्या सगळ्या मुलाखती मंद्रूपच्या आसपास झाल्या होत्या. तेव्हा दुभाषा म्हणून त्याच्याबरोबर विभागातला प्रयोगशाळा परिचर अजिनाथ जायचा. झुपकेदार मिशांचा, चाळिशीचा, सगळ्यांच्या उपयोगी पडणारा माणूस. पण त्या आठवड्यात अजिनाथ भाचीच्या साखरपुड्याला गेला होता. इकडं सारजाबाईंना मंद्रूपच्या आठवडी बाजाराला जायचंच होतं. मग सुकन्या, सारजाबाई आणि मजोक असे तिघं वडापच्या खच्चून भरलेल्या जीपमधून निघाले. मजोकचे गुडघे पुढच्या सीटच्या पाठीला टेकले होते आणि त्याच्या मांडीवर सारजाबाईंची पिशवी होती.

“कुनाचा गं ह्यो?” जीपमधल्या एका बाईनं विचारलं.

“आमच्या सुनंचा इद्यार्ती हाय,” सारजाबाईंनी ऐटीत सांगितलं. “जोंधळ्याचा डाक्टर व्हनार हाय.”

बाजारात मजोकला ओळखणारे बरेच निघाले. कुणी राम राम घातला, कुणी ‘हौदु, हौदु’ म्हणजे ‘हो, हो’ करत कानडीत काहीतरी विचारलं. दोर विकणाऱ्याच्या पालापाशी सिद्धप्पा भेटले. पांढरा पटका, हातात काठी. मजोकनं पूर्वी त्यांची मुलाखत घेतली होती. त्यानं दोन्ही हातांनी त्यांचा हात धरला आणि सुकन्याला म्हणाला, “यांना विचारा, यंदाच्या ज्वारीतही पाला टाकलाय ना? मला फोटो हवाय.”

सुकन्यानं विचारलं.

“पाला?” सिद्धप्पा म्हणाले. “टाकत्यात की. टाकत्यात म्हनं.”

त्या एका शब्दासरशी सुकन्याचे कान टवकारले. “तुमी टाकता का, मामा?”

“माजा बा टाकायचा, कणगी व्हती तवा. आता कणगी कुटं ऱ्हायली? पत्र्याची कोठी हाय. तिच्यात दुकानातल्या गोळ्या टाकतो. पाल्यानं बी किडा जात असंल की. न्हाय कशाला म्हनू? पर मी काय बगितलं न्हाय.”

सुकन्यानं शब्दन् शब्द इंग्रजीत सांगितला. मजोकच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं.

“पण मागच्या वेळी ते ‘हो’ म्हणाले होते.” सुकन्यानं तेही मराठीत सांगितलं.

“म्हटलं की!” सिद्धप्पा म्हणाले. “पाला टाकत्यात का, आसं त्या मिशीवाल्यानं इचारलं. टाकत्यात की. मी टाकतो आसं कवा म्हटलं?”

त्यांनी बाजारातच आणखी चार-पाच जणांना गाठलं. कुणाचा बाप टाकायचा, कुणाचा शेजारी टाकायचा, कुणी रेडिओवर ऐकलं होतं. एक जण तेवढा म्हणाला, “घरात बगावं लागंल.” मजोकच्या तक्त्यात या सगळ्यांच्या नावापुढं एकच उत्तर होतं, हो.

तो एका बंद दुकानाच्या पायरीवर जाऊन बसला. त्याचे लांब पाय दुमडून गुडघे हनुवटीला लागले होते. सुकन्या शेजारी टेकली. तिलाही कसंतरीच वाटत होतं. इतके दिवस तिनं त्याच्या वाक्यांना इस्त्री केली होती, आणि आत कापडच विरलेलं निघालं.

“माझं सगळं काम खोटं आहे,” तो म्हणाला.

“सगळं नाही. पण यातलं कुठलं ‘हो’ खरं आहे, ते आपल्याला माहीत नाही.”

“ते आणखी वाईट आहे.”

तेवढ्यात सारजाबाई गरम भज्यांचा पुडा घेऊन आल्या. काय झालं ते त्यांनी ऐकून घेतलं आणि पुडा त्याच्या हातात कोंबला. “आदी खा म्हनावं. सुतक आल्यागत बसलाय. माणसं मेली न्हाईत की, परत इचारा.”

सुकन्यानं ते तसंच्या तसं सांगितलं. मजोकनं एक भजं तोंडात टाकलं, मग दुसरं, आणि पुडा संपेपर्यंत त्याची मान जरा वर आली.

अजिनाथ साखरपुड्याहून परतला तो पेढे घेऊनच. सुकन्यानं त्याला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. आवाज चढवायचा नाही असं तिनं ठरवलंच होतं. पण त्याचा चेहरा इतका पडला की चढवावा लागलाच नाही.

“मॅडम,” मिशीवरून हात फिरवत तो म्हणाला, “मी मुद्दाम न्हाय केलं. ‘असंल की’ला इंग्रजीत काय म्हनत्यात, मला म्हाईतच नव्हतं. मला दोनच येत्यात, येस आन् नो. मग ‘न्हाय’ म्हटलं तर नो, आन् ऱ्हायलं ते सगळं येस.”

सुकन्याला आधी हसू आलं आणि मग आलं तसं ते गेलं. सोलापूरच्या कॉलेजातलं पहिलं वर्ष तिला आठवलं. तेव्हा सरांनी इंग्रजीत काहीही विचारलं तरी तीसुद्धा ‘येस सर’ म्हणायची.

“उद्यापासून वर्गाला येऊन बसा, अजिनाथभाऊ,” ती म्हणाली.

“मी? त्या पोरांत?”

“तुमच्यावाचून यांचं चालणार नाही.”

आता राहिले वाघमोडे सर. सुकन्या मजोकबरोबर गेली, पण बोलायचं काम त्याचं, असं आधीच ठरलं होतं. सर फोनवर होते. फोन ठेवता ठेवता म्हणाले, “बोल. झालं लिहून?”

“सर, माझा निष्कर्ष चूक आहे,” मजोक म्हणाला.

एवढंच वाक्य. त्यात ‘कदाचित’ नव्हतं, ‘असं दिसतं’ नव्हतं. सुकन्याला वाटलं, याहून नेमकं वाक्य त्यानं आजवर लिहिलं नव्हतं.

सरांनी सगळं ऐकलं आणि कपाळाला हात लावला. “अरे, इतका स्वच्छ तक्ता होता! आता सेमिनार तोंडावर आलाय. कोण बघतंय एवढं?”

“मी पाहिलंय, सर.”

सरांनी टेबलावरचा पेपरवेट उगाच दोनदा फिरवला आणि सुकन्याकडं बघितलं. तिनंही नजर खाली केली नाही.

“जा,” ते शेवटी म्हणाले. “परत विचारून या. पण सेमिनारची तारीख बदलणार नाही.”

दुसऱ्या दिवसापासून अजिनाथ मागच्या बाकावर येऊन बसू लागला. सुकन्यानं त्याला तीन उत्तरं पाठ करायला दिली, ‘आय डू’, ‘माय फादर डिड’ आणि ‘पीपल से’. मोटारसायकलवरून मंद्रूपकडं जाताना तो ती मोठमोठ्यानं घोकायचा. मागं बसलेला मजोक सूर धरायचा आणि रस्त्याकडेची शेळ्या राखणारी पोरं थांबून बघायची. पुढं पुढं गावातल्या लोकांनाही ती उत्तरं पाठ झाली. एका म्हाताऱ्यानं प्रश्न पुरता व्हायच्या आतच काठी आपटून सांगितलं, “माय फादर डिड!”

नीमाही हौसेनं सुकन्याबरोबर जीपनं जायची, आणि खरी गंमत झाली ती नीमामुळं. सिद्धप्पांच्या ओसरीवर पुरुष मंडळी बोलत बसली होती. सिद्धप्पा पुन्हा तेच सांगत होते, की आपल्या घरात पाला नाही, गोळ्याच. नीमा पाणी प्यायला सुकन्याबरोबर आत गेली. सिद्धप्पांच्या बायकोनं, अंबुबाईंनी, तांब्या पुढं केला आणि हळूच विचारलं, “भाईर काय चाललंय गं?”

सुकन्यानं सांगितलं. अंबुबाईंनी पदर तोंडाला लावला आणि त्या गदागदा हसायला लागल्या.

“ह्यास्नी काय म्हाईत? कोठीतला जोंधळा इकायचा, त्यात हे गोळ्या टाकत्यात. आमाला खायचा जोंधळा हितं हाय.” त्यांनी माळ्याखालच्या पिंपाचं झाकण उघडलं. वाळलेल्या कडुनिंबाच्या पाल्याचा कडवट वास स्वयंपाकघरभर पसरला. “खायच्यात गोळ्या टाकत्यात व्हय? पोरं-बाळं खात्यात की. मीच टाकते पाला, दरसाल.”

“मग मामांना माहीत कसं नाही?”

“त्ये इचारत न्हाईत, मी सांगत न्हाय.”

सुकन्यानं इंग्रजीत सांगितल्याबरोबर नीमा बाहेर धावली. “मजोक! आय डू! आतमध्ये आय डू आहे!”

मजोक आत आला, दाराला डोकं आपटून घेतलं आणि पिंपात हात घालून उभाच राहिला. बाहेरून सिद्धप्पा विचारत होते, “काय घावलं रं?” अंबुबाई आतूनच ओरडल्या, “काय न्हाय! तुमी बसा!”

एकाच घरात दोन तऱ्हा होत्या. विकायच्या ज्वारीत गोळ्या, खायच्या ज्वारीत पाला. आणि मजोकनं आजवर फक्त ओसरीवरच विचारलं होतं. मग नीमा, सुकन्या आणि तिची जुन्या कॉलेजातली विद्यार्थिनी ऋतुजा अशा तिघी घराघरांत शिरल्या, चुलीपाशी बसल्या, चहा प्यायल्या. सगळीकडं पाला होता असं नाही. काही ठिकाणी राख होती, काही ठिकाणी खायच्या ज्वारीतही गोळ्याच होत्या. पण बऱ्याच घरांत पुरुष ज्याला ‘म्हनं’ म्हणत होते, ते त्यांच्याच घरात, त्यांच्या पाठीमागं चाललेलं होतं.

सेमिनारच्या दिवशी उन्हानं कहर केला होता. बाहेरून आलेल्या परीक्षक डॉ. राजनंदिनी जाड भिंगांचा चष्मा लावून पहिल्या रांगेत बसल्या होत्या. अजिनाथनं पडदा, प्रोजेक्टर सगळं लावून दिलं आणि मागं सुकन्याशेजारी येऊन बसला. त्याला मजोकपेक्षा जास्त घाम फुटला होता.

मजोकनं सुरुवात छान केली. आधीच्या मुलाखतींत चूक कशी झाली, ते त्यानं पहिल्या पाच मिनिटांतच सांगून टाकलं. वाघमोडे सर खुर्चीत चुळबुळले. मग नवे निष्कर्ष आले. वाक्यं मोजूनमापून होती. कुठं ‘आढळलं’, कुठं ‘असं दिसतं’, कुठं ‘यावरून सुचतं’. सुकन्या ओठांतल्या ओठांत त्याच्याबरोबर म्हणत होती. आणि ऐन रंगात आल्यावर तो इंग्रजीत म्हणाला, “पुरुष शेतकऱ्यांच्या मते पाल्यानं धान्य वर्षभर टिकतं, म्हनं.”

सभागृहात हशा उसळला. मागच्या रांगेतल्या मराठी मुलांनी बाकं वाजवली. मजोक गोंधळला, आपण काय बोललो ते त्याला कळेना. कळलं तेव्हा त्यानं कपाळावर हात मारला आणि तोही हसला.

डॉ. राजनंदिनी हसत नव्हत्या. त्यांनी चष्मा काढला. “‘म्हनं’ म्हणजे नक्की काय, सांगाल?” त्यांनी इंग्रजीत विचारलं.

सुकन्यानं अजिनाथचं मनगट गच्च धरलं.

“मॅडम,” मजोक म्हणाला, “म्हणजे त्यांनी ते स्वतः पाहिलेलं नाही, दुसऱ्याकडून ऐकलंय, आणि हे ते मला प्रामाणिकपणे सांगताहेत. आधी मी त्याचं ‘हो’ केलं. म्हणून माझा पहिला तक्ता चुकला. दुसऱ्या तक्त्यात त्याला वेगळा रकाना आहे.”

“दाखवा तो रकाना.”

त्यानं दाखवला. मग अर्धा तास प्रश्न चालले. पाला किती, कधी बदलतात, बायकांना विचारायचं कसं सुचलं. तीन-चार प्रश्नांना त्यानं सरळ ‘मला माहीत नाही’ असं उत्तर दिलं. शेवटी डॉ. राजनंदिनींनी चष्मा पुन्हा चढवला. “दुरुस्त्या आहेत, त्या कराव्या लागतील,” त्या म्हणाल्या. “पण मी अनेक वर्षं असे सेमिनार ऐकते. कुठं शंका आहे ते इतकं स्पष्ट सांगणारे थोडेच असतात. काम मान्य करायला माझी हरकत नाही.”

टाळ्या वाजल्या, त्यात सगळ्यात मोठी टाळी अजिनाथची होती. वाघमोडे सर लगबगीनं पुढं जाऊन परीक्षकांना सांगत होते, की पुन्हा मुलाखती घ्यायच्या असा आमच्या विभागात निर्णयच झाला होता. सुकन्यानं ते ऐकलं आणि तिला राग यायच्या ऐवजी हसूच आलं. जाता जाता सर तिच्यापाशी थांबले. “मॅडम, माझाही एक लेख परत आलाय. भाषा बघा म्हणतात. मी एखाद्या दिवशी वर्गात बसलो तर चालेल?”

“मागचा बाक मोकळा आहे, सर. अजिनाथभाऊ सरकून घेतील.”

त्या रविवारी मजोकनं सुकन्याच्या घरी स्वयंपाक करायचं ठरवलं. त्याच्या देशात ज्वारीचं पीठ आंबवून त्याच्या कागदासारख्या पातळ पोळ्या करतात, किसरा म्हणतात त्याला. दोन दिवस आधी तो पीठ भिजवून गेला होता आणि सारजाबाई दर थोड्या वेळानं झाकण उघडून वास घेत होत्या. नीमा कांदे चिरत होती. फवाझनं कुठूनतरी खजूर आणले होते. अजिनाथ सहकुटुंब आला होता आणि बायकोला एकेकाची इंग्रजीत ओळख करून देत होता.

पहिला किसरा तव्याला चिकटला. दुसऱ्याचे तुकडे झाले. तिसरा सोडवताना मजोकनं बोटं भाजून घेतली.

“सरक बाजूला,” सारजाबाई म्हणाल्या. त्यांनी पदर खोचला, गॅस बारीक केला, अर्धा कांदा तेलात बुडवून तवा खसाखसा पुसला आणि पळीभर पीठ ओतलं. पण पीठ पसरायची तऱ्हा त्यांना येत नव्हती. मजोकनं त्यांच्या खांद्यावरून लांब हात घातला आणि पुठ्ठ्याच्या तुकड्यानं पीठ झर्रकन तवाभर पसरवलं. तो पसरवत होता आणि त्या कडा सोडवत होत्या. कुणाला कुणाची भाषा येत नव्हती, तरी दोघं एकमेकांना मोठमोठ्यानं सूचना देत होते.

पोळी अखंड निघाली. सारजाबाईंनी ती उजेडाकडं धरून बघितली, पार पलीकडची खिडकी दिसत होती. तुकडा मोडून तोंडात टाकला आणि सगळे त्यांच्याकडं बघत राहिले.

“आंबटाय,” त्या म्हणाल्या, “पर लई झ्याक लागतंय. सुकन्ये, वाटीभर आमटी आन.”

आणि पाहुण्यांना ताटं वाढायच्या आधी त्या स्वतःच खाली मांडी घालून बसल्या.